२०१३ चा अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांचा हंगाम शांत का मानतात?

प्रश्न: त्या वर्षी डझनाहून अधिक वादळांना नावे मिळाली, मग हंगाम शांत कसा?

उत्तर १: वर्गवारी वाऱ्याच्या एका मिनिटाच्या सरासरी कमाल वेगावरून होते. ताशी ६३ किलोमीटरला वादळाचे नामकरण होते, ११९ पासून ते हरिकेन ठरते आणि १७८ पासून तिसऱ्या श्रेणीत, म्हणजेच मोठ्या हरिकेनांत गणले जाते. त्या वर्षी हम्बर्टो आणि इंग्रिड हीच दोन हरिकेने झाली, तीही पहिल्याच श्रेणीची.

उत्तर २: हरिकेने इतकी कमी होण्याचे एक महत्त्वाचे कारण कोरडी हवा.

उत्तर ३: तरीही सप्टेंबरमध्ये मेक्सिकोवर पूर्वेकडून इंग्रिड आणि प्रशांत महासागराकडून मॅन्युएल जवळजवळ एकाच वेळी धडकले, तेव्हा पुरांनी व दरडींनी शंभराहून अधिक बळी घेतले. श्रेणी पाऊस मोजतच नाही, ही या पद्धतीची गंभीर उणीव आहे.