कासला उन्हात कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर काहीच दिसत नाही, काय करता तुम्ही लोक?

यवतेश्वर_घाट:
नमस्कार मंडळी. माझ्याकडं कॅननचा पॉवरशॉट एसएक्स आहे, खिशात मावणारा, त्याला व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही, सगळं मागच्या स्क्रीनवरच बघायचं. एरवी मस्त चालतो पण रविवारी कासला गेलो, धुकं होतं तोवर ठीक, मग ढग पांगले न कडक ऊन पडलं की स्क्रीनवर माझाच पांढरा शर्ट दिसायला लागला, पुढं तेरडा आहे का गवत आहे काय कळंना. अंदाजानं काढत गेलो. घरी कॉम्प्युटरवर बघितलं तर सोनकीची फुलं नुसते पिवळे ठिपके, पाकळी अशी दिसतच नाही. व्ह्यूफाइंडरवाला घ्यायलाच पायजे का? बजेट फार नाही, आणि रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनचं बगाड (उंच शिडाला माणूस टांगून ओढतात तो गाडा) पण काढायचंय, तिथं तर भर दुपारचं ऊन.

माहुलीची_ताई:
दादा, लगेच नवीन घेऊ नका. पॉवरशॉटमधे डिस्प बटण जरा वेळ दाबून धरा, बऱ्याच मॉडेलमधे स्क्रीन एकदम फुल ब्राइट होतो. सोनीवाल्यांना मॉनिटर ब्राइटनेसमधे सनी वेदर असतं. बॅटरी लवकर उतरते, जादाची जवळ ठेवा. आणि पांढरा शर्ट नको! स्क्रीनच्या काचेत दिसतं ते तुमच्याच कपड्यांचं प्रतिबिंब, काळा नाहीतर गडद निळा टीशर्ट घाला, लगेच फरक कळेल. मी तर बरोबरच्याला छत्री धरायला लावते, फुलावर पण सावली येते आणि स्क्रीनवर पण, फुलाला ती मऊ सावलीच छान दिसते.

हळदपेठ_सांगली:
ताईंचं बरोबर आहे, फक्त एक सांगतो. ब्राइटनेस वाढवला की चौकट दिसते, पण फोटो उजळ आला का काळा हे त्या स्क्रीनवरनं ठरवायचंच नाही. फुल ब्राइटवर अंधारलेला फोटो पण झकास दिसतो, आणि ऊन पडलेल्या स्क्रीनवर चांगला फोटो पण मळकट दिसतो मग माणूस उगाच एक्सपोजर (फोटोत घेतलेला उजेड) वाढवत बसतो. फोटो काढल्यावर प्लेबॅकमधे डिस्प दाबत जा, हिस्टोग्राम म्हणजे उजेडाचा आलेख येईल, डावीकडं काळं न उजवीकडं पांढरं, त्यातला डोंगर उजव्या कडेला जाऊन चिकटला असेल तर उजेड जास्त झाला, जळालेला भाग लुकलुकतो पण.
पिवळ्याचं वेगळंच दुखणं आहे. कॅमेरा रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनलमधे मोजतो, पिवळ्यात लाल आणि हिरवा दोन्ही चॅनल भरतात, निळा रिकामा, त्यामुळं एकूण सरासरी ठीक वाटते आणि पाकळीचा तपशील मात्र गेलेला असतो. यार्डात हळदीच्या सौद्यात ढीग उन्हात असले की हेच होतं. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची +/- सेटिंग) उणे दोन तृतीयांश ते उणे एक ठेवा, घरी वर ओढता येतं, जळालेलं परत येत नाही.

वाई_बाजारपेठ:
बगाडाचं मी सांगतो भावा, दरवर्षी जातो. सोनेश्वरावरनं निघतं आणि बगाड्या (टांगलेला माणूस) वर शिडाला असतो म्हणजे कॅमेरा आभाळाकडं, ऑटोवर तो हमखास काळा पडणार. मॅन्युअल मोड असेल तर आधीच सेट करून ठेव, कडक उन्हाचा जुना हिशोब आहे, एफ १६ ला (एफ म्हणजे भिंगाचं छिद्र, आकडा लहान तर छिद्र मोठं) शटर १ भागिले आयएसओ (सेन्सर उजेड किती पकडतो तो आकडा), म्हणजे आयएसओ १०० ला एफ १६ वर १/१०० सेकंद, मग एफ ८ वर १/४००, एफ ५.६ वर १/८००. छोट्या सेन्सरला एफ ५.६ च्या पुढं नको, फोटो मऊ पडतो. बगाड्यावर ऊन समोरनं असेल तर एवढ्यावरच काम होतं, त्याच्या मागनं असेल तर एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढव. एकदा बसवलं की स्क्रीनकडं फक्त माणूस चौकटीत आहे का एवढंच बघायचं. पट्टा गळ्यात घालून कॅमेरा पुढं ताणून धर, हात हलत नाहीत. मॅन्युअल नसेल तर पी (प्रोग्रॅम ऑटो) मोडमधे कॉम्पेन्सेशन अधिक एक.
व्ह्यूफाइंडरचं म्हणशील तर बगाडाच्या गर्दीत खरंच कामाचा, सोनी आरएक्स१०० च्या २०१२ च्या पहिल्या मॉडेलला नव्हता, २०१४ च्या तिसऱ्याला आला, जुना मिळाला तर बघ. पण कासला त्याचा काय उपयोग? फुलं घोट्याएवढी, डोळा लावायचा तर आडवंच पडावं लागंल आणि फुलांवर पडायचं नाहीच. तिथं वर वळणारा स्क्रीन पायजे.

यवतेश्वर_घाट:
लय आभार सगळ्यांचे. अजून एक, गॉगल घातला की स्क्रीन आडवा धरल्यावर पूर्ण काळा होतो, उभा धरला की दिसतो, कॅमेरा बिघडलाय का?

माहुलीची_ताई:
नाही हो, गॉगल पोलराइज्ड असणार. स्क्रीनमधनं येणारा उजेड एकाच दिशेचा असतो आणि तुमची काच नेमकी तीच दिशा अडवते. फोटो काढताना कपाळावर सरकवा, नाहीतर साधा गॉगल घ्या.