मदत हवी आहे : द्रावक (ज्यात पदार्थ विरघळवतात तो द्रव) बदलताच अभिक्रियेची वाट का बदलते?
नमस्कार. मी कोल्हापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असून, सेंद्रिय रसायनशास्त्र आजवर पाठांतरावरच निभावले. आता मात्र ते मनापासून समजून घ्यायचे आहे. २-ब्रोमोब्युटेनवर जलीय पोटॅशियम हायड्रॉक्साइडची क्रिया झाली की प्रामुख्याने ब्युटेन-२-ऑल मिळते, तर तेच हायड्रॉक्साइड अल्कोहोलमध्ये विरघळवून तापवले की मुख्यतः ब्युट-२-ईन तयार होते. एकदा ब्रोमीनची जागा घेतली जाते आणि एकदा शेजारच्या कार्बनवरील हायड्रोजन ओढून घेतला जातो, एवढे दाखवणारे इलेक्ट्रॉनच्या हालचालीचे बाण मला वहीत बिनचूक काढता येतात. पण केवळ द्रावकामुळे हा फरक का पडतो, हे उमगत नाही. राजारामपुरी परिसरात हे मराठीतून समजावून सांगणारे कोणी असल्यास कृपया कळवावे. आपण स्वतः हा भाग कसा शिकलात, हे सांगितलेत तरी मोठी मदत होईल.