निवती-वेंगुर्ला: समुद्रपक्षी बघायला परवडणारी होडी मिळेल का?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं कुडाळला उतरतोय: मी, नवरा, बाबा आणि बारा वर्षांची लेक. तुतारीची तिकिटं झालीत, राहायचं निवतीला. होडीचं तेवढं अडलंय.

लेकीला पक्ष्यांचं वेड. मांडव्याच्या लाँचमागे गाठ्यांसाठी घिरट्या घालणारे कुरव तिनं पोटभर पाहिलेत. आता तिला स्वतःचं पोट स्वतः भरणारे हवेत! यादीत समुद्री गरुड आहे, सुरय आहेत आणि वेंगुर्ला रॉक्सच्या, म्हणजे भर समुद्रातल्या खडकांच्या, गुहांमध्ये लाळेनं घरटी बांधणाऱ्या पाकोळ्याही. सुरय त्या खडकांवर अंडी घालतात ती पावसाळ्यात, म्हणजे नेमका समुद्र बंद असताना, हे मी तिला सांगून बघितलं. "मग नुसते खडक बघू," म्हणाली.

दोघा होडीवाल्यांशी फोनवर बोलले. एकाचे माणशी पाचशे, पण ती नेहमीची डॉल्फिन राईड. पाऊण तास फिरवायचं आणि डॉल्फिन दिसला रे दिसला की इंजिन वाढवून त्याच्या मागे लागायचं. गेल्या वर्षी दुसऱ्या एका किनाऱ्यावर हे अनुभवलं, पिल्लाच्या अगदी अंगावर होडी नेली होती. लेक परत येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. दुसरा खडकांपर्यंत न्यायला तयार आहे, पण अख्ख्या होडीचे नऊ हजार मागतोय. आमची धाव पाच हजारांपर्यंत.

तर जाणकारांनो, डिसेंबरात एवढ्या आत जाण्यात अर्थ आहे का? की वारा सुटायच्या आत, भल्या सकाळी किनाऱ्यालगतच दोनेक तास संथ फिरलं तर गरुड आणि कुरव मिळतील? रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना घारी, कुरव, बगळे असे काही जमतात की होडीच नको, असं नवऱ्याचं म्हणणं (त्याला बोट लागते, त्यामुळे मत एकतर्फी आहे). निवतीला सध्या रापण लागते का? साधारण किती वाजता ओढतात?

बाबांचे गुडघे दुखतात. लाटांतून चालत जाऊन होडीत चढणं त्यांना जमणार नाही, म्हणून धक्क्यावरून सुटणारी होडी कुणाला ठाऊक असेल तर नक्की सांगा.

१९ ते २२ डिसेंबरदरम्यान तिकडे कुणी पक्षीवाले असतील तर पैसे वाटून घेऊ, होडीत आणखी चौघं मावतात म्हणे. लाइफ जॅकेट आहेत का विचारल्यावर नऊ हजारवाला नुसता हसला, त्याचा अर्थ काय घ्यायचा तेही सांगा.