वड, पिंपळ, उंबर आणि अंजीर एकाच प्रजातीत कशासाठी?

वटोदरकर: वडोदरा हे नाव ‘वटोदर’, म्हणजे वडाच्या पोटात वसलेले गाव, यावरून आले असे आपण कौतुकाने सांगतो, वनस्पतिशास्त्र मात्र त्याच वडाला अंजिराचा भाऊबंद ठरवून फायकस या एकाच प्रजातीत (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) बसवते, हे मला पटत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५३ मध्ये बांधलेली ही मोट आज साडेआठशेच्या आसपास जातींची झाली आहे. एकीकडे दुसऱ्या झाडाच्या खांद्यावर रुजून त्यालाच वेढणारा वड, दुसरीकडे कातरलेल्या पानांचे, जमिनीत नीट उगवणारे अंजिराचे झाड. शिवाय वडाच्या एकाच फळात नर आणि मादी अशी दोन्ही फुले असतात, तर अंजिरात बी धरणारी झाडे वेगळी आणि पराग देणारी वेगळी. वनस्पतिशास्त्रज्ञ गॅस्पारिनी यांनी १८४४ मध्ये वडाच्या गटासाठी युरोस्टिग्मा ही स्वतंत्र प्रजाती मांडली होती. ती पुन्हा मान्य व्हावी.

केंबरे: मी असहमत आहे. वडोदऱ्याच्या सयाजीबागेत पायाखाली आलेले पिकले उंबर एकदा नखाने फोडून पाहावे. आतली पोकळी बारीक फुलांच्या अस्तराने गच्च भरलेली असते आणि तिच्यातून केंबरे, म्हणजे उंबरातले बारीक कीटक, भसकन बाहेर पडतात. ‘उंबराचे फूल’ आपण दुर्मीळ मानले, ते फूल फळातच दडलेले असते म्हणून! टोकाच्या चिमुकल्या तोंडातून गांधीलमाशीच्या जातीचा कीटक आत शिरतो, अंडी घालतो आणि परागणही करतो. ही बंद कुपी वड, पिंपळ, उंबर, अंजीर या साऱ्यांत आहे. तुतीच्या कुलातील इतर झाडांत ती नाही. वाढण्याची तऱ्हा आणि पाने पाहून हे घर मोडायचे कसे?

नर-मादीची कसोटीही टिकत नाही. उंबर आणि काळा उंबर हे फायकसच्या एकाच उपप्रजातीतले (प्रजातीच्या आतला जातींचा उपगट), तरी उंबराच्या फळात दोन्ही फुले नांदतात आणि काळ्या उंबराची झाडे अंजिरासारखी वेगवेगळी असतात. वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेल यांनी आधी फायकसचे अनेक तुकडे केले आणि १८६७ मध्ये स्वतःच ते पुन्हा एकत्र आणले, हेही विसरू नये.

पारंबी: नावे बदलण्याचा हिशेबही मांडा. शेकडो जातींची नावे, वनस्पतिसंग्रहातील कागद, रोपवाटिकांच्या याद्या, सगळे नव्याने लिहावे लागेल. युरोस्टिग्मा हे नाव उपप्रजाती म्हणून आजही आहेच, आणि वड-पिंपळ तिच्यातच आहेत.

वटोदरकर: काळ्या उंबराचा मुद्दा मला मान्य आहे, ती कसोटी मी मागे घेतो. उपप्रजातीचा दाखला मात्र कागदावरचाच आहे. जातीच्या नावात ती लिहिली जात नाही, त्यामुळे बागेतल्या पाटीवर वडाखाली ‘फायकस बेंगालेन्सिस’ आणि अंजिराखाली ‘फायकस कॅरिका’ एवढेच दिसते. वडाला पिंपळ जवळचा आणि अंजीर दूरचा, हे ती पाटी वाचून कोणाला कळणार?