तलाव बंद करण्याआधी फिल्टर बघा

पाणीकपात लागली की पालिकेचे पोहण्याचे तलाव आधी बंद करा, असं काही जण म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. ५० बाय २५ मीटरचा, २ मीटर खोल तलाव म्हणजे २५ लाख लिटर पाणी. आकडा ऐकून छाती दडपते खरी, पण ते रोज नवं लागत नाही. गाळणयंत्रणा धड असेल तर तेच पाणी फिरत राहतं. भर घालावी लागते ती वाफ होऊन उडालेल्या, अंगाबरोबर बाहेर गेलेल्या आणि वाळूचा फिल्टर उलटा धुताना (म्हणजे अडकलेली घाण काढायला त्यातून उलट दिशेने पाणी सोडताना) खर्चलेल्या पाण्याची. हे धुवण क्लोरीन उतरल्यावर बागेला घालता येतं. रात्री तलावावर आच्छादन ओढलं तर बाष्पीभवन बरंच कमी होतं. मी पोहलोय त्यातल्या एकाही तलावावर ते पाहिलेलं नाही.

आणि तो उग्र 'क्लोरीनचा वास' स्वच्छतेची खूण नव्हे हो! घाम आणि (माफ करा) लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, वास त्यांचा. डोळे चुरचुरतात तेही बहुतेक त्यांच्यामुळेच. आधी साबण लावून आंघोळ केली तर निम्मं काम तिथेच होईल. आपल्याकडे शॉवरखालून नुसतं पळत जातात.

तलावाच्या सुरक्षेचा विषय निघाला की सगळे जीवरक्षकावरच बोलतात. तळातल्या निचऱ्याची जाळीही बघा. ती तुटली असेल तर पंपाच्या ओढीने मुलांचे केस किंवा हात अडकू शकतात. आमच्या तलावावर तुटकी जाळी दिसली, तेव्हा मी तक्रारवहीत लिहिलं. पंधरा दिवसांनी वहीच बदलली होती, जाळी तीच!