एकाला लिहिलेला मेल ८४ घरांत पोचला. फॉरवर्ड करण्याआधी विचारायला नको का?

गॅलरीतली तुळस:
आमच्या सोसायटीत गेल्या महिन्यात जे झालं ते आधी सांगते. सहाव्या मजल्यावरच्या एका बाईंच्या नवऱ्याचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. तीन महिन्यांचा मेंटेनन्स थकला, म्हणून त्यांनी रात्री बसून सेक्रेटरींना मेल लिहिला, "एकदम जमणार नाही, हप्ते करून द्याल का?" विश्वास बसावा म्हणून हॉस्पिटलचं बिल आणि रिपोर्टही जोडला. सेक्रेटरींनी तो खजिनदारांना फॉरवर्ड केला. वार्षिक सभेच्या तोंडावर खजिनदारांनी त्याच मेलवर दोन ओळी लिहिल्या, "थकबाकीची माहिती कळवत आहे", आणि ८४ सभासदांना पाठवून दिला. खाली सरकवून पाहिलंच नाही. बाईंचं पत्र, बिल, रिपोर्ट, सगळं घरोघर गेलं.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये एका काकूंनी त्यांना विचारलं, "किडनीचं कळलं हो, आधी का नाही बोललात?" प्रेमानेच विचारलं. बाई तिसऱ्या मजल्यावर उतरल्या आणि उरलेले तीन मजले जिन्याने गेल्या. मी मागेच होते.

माझं म्हणणं असं की मेल माझ्या इनबॉक्समध्ये आला म्हणून तो माझा होत नाही. पुढे पाठवायचा तर लिहिणाऱ्याला विचारा, आणि विचारता येत नसेल तर खालचं शेपूट कापा, त्यातलं कामापुरतं स्वतःच्या शब्दांत नव्याने लिहा. पूर्वी घरातली अडचण कोणी पोस्टकार्डावर लिहीत नसे, अंतर्देशीय घेत असे. त्या बाईंनी अंतर्देशीयच पाठवलं होतं, आपण ते फोडून नोटीस बोर्डाला लावलं.

जुना सचिव:
बाईंचं वाईट वाटलं. रिपोर्ट जायला नकोच होता, त्यात दुमत नाही. पण यावरून "विचारल्याशिवाय काहीच पुढे पाठवू नका" असा नियम कराल तर सोसायटी चालवता येणार नाही. मी ११ वर्षं सेक्रेटरी होतो. एका सभासदाला अडचण होती, आम्ही कमिटीत बोलून गुपचूप मुदत दिली. पुढची दोन वर्षं प्रत्येक सभेत ऐकलं, "तो तुमच्या गावचा, म्हणून सोडलंत." तेव्हापासून मी ठरवलं, जे असेल ते सगळ्यांना सीसी, म्हणजे मेलची प्रत. टँकरचं बिल, लिफ्टचा वार्षिक करार, वॉचमनचा पगार सगळ्यांच्या पैशातून जातो. एकाला सवलत मिळाली तर बाकीच्यांना कारण कळायला हवं.

कागदपत्रवाला:
सचिवसाहेब, कायद्यानेच इथे रेघ ओढलेली आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०, कलम ३२ पाहा. सभासदाला ताळेबंद, नफातोटा पत्रक, सभासद नोंदवही, सभांची इतिवृत्तं फुकट पाहता येतात. पण हिशेबाच्या वह्यांमधला कुठला भाग? तर त्याच्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी असलेला. शेजाऱ्याचा नाही. ६५ वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांना हा फरक कळत होता.

जुना सचिव:
इतिवृत्त तर उघडं आहे ना? "अमुक सदनिकेला सहा हप्ते मंजूर" हे त्यात येणारच. मग लपलं काय?

गॅलरीतली तुळस:
ते येऊ दे. हप्ते दिले हे सगळ्यांना कळू दे, कमिटीने ठराव करून दिले हेही कळू दे. नवऱ्याचं क्रिएटिनिन किती होतं, ते कशाला? तुम्हाला जी पारदर्शकता हवी आहे ती कमिटीच्या निर्णयाची. त्या बाईंच्या घराच्या भिंती पारदर्शक करायचा अधिकार त्यातून मिळत नाही.

हिंजवडी रोजचा:
मी दुसऱ्या बाजूचा. "खालचं शेपूट कापा" हा सल्ला ऑफिसात द्याल तर माणूस गोत्यात येईल. एकदा आमचा क्लायंट केलेल्या कामाबद्दल म्हणाला, हे आम्ही मागितलंच नव्हतं. आमच्या टीमवर सगळं शेकणार होतं. त्याच मेलच्या पोटात, खाली चौथ्या मेलला, त्यांचीच "ओके, गो अहेड" अशी एक ओळ निघाली, तारखेसकट. ट्रेल, म्हणजे खालची जुन्या मेलांची साखळी, कापला असता तर आम्ही तोंडावर पडलो असतो. आणि कोणी मधलाच भाग काढून पाठवला की समोरच्याला संशय येतो, नेमकं काय काढलं?

बीसीसीबद्दल तर मला चीड आहे, त्यात घातलेला माणूस बाकीच्यांना दिसतच नाही. आमच्याकडे एका मॅनेजरने भांडणाच्या मेलवर एकाला बीसीसीत बसवलं. त्या बिचाऱ्याने सवयीने रिप्लाय ऑल दाबलं आणि तो गुपचूप वाचत होता हे सगळ्यांना कळलं. त्या टीममध्ये नंतर कोणी कोणाला सरळ मेल लिहीना. लपवाछपवीला गोपनीयता म्हणू नका.

की-बोर्डवरची बोटं:
दादा, तुम्ही सांगताय तो बीसीसी वेगळा आणि इथे हवाय तो वेगळा. भांडणात लपून साक्षीदार बसवणं वाईटच. पण ८४ जणांना सूचना पाठवताना पत्ते बीसीसीत टाकायचे आणि पहिल्याच ओळीत लिहायचं, "हा मेल सर्व सभासदांना पाठवला आहे." यात लपलं कोण? फक्त पत्ते झाकले. शिवाय कोणी रिप्लाय ऑल दाबलं तरी उत्तर बाकीच्या बीसीसीवाल्यांकडे जात नाही.

आणखी थोडं, कारण घोळ इथेच होतो. रिप्लाय केलं की जुनी अटॅचमेंट सोबत जात नाही, फॉरवर्ड केलं की जाते. खजिनदारांकडून रिपोर्ट गेला तो त्यामुळे. जीमेलमध्ये उत्तर लिहिताना जुना मजकूर तीन टिंबांमागे दुमडलेला असतो, दिसत नाही म्हणून नाही असं वाटतं. नवीन पत्ता जोडण्याआधी ती तीन टिंबं उघडून शेवटपर्यंत वाचा. पाठवलेला मेल मागे घ्यायला जीमेल जास्तीत जास्त ३० सेकंद देतं, आणि सेटिंग बदललं नसेल तर ५ च. फॉरवर्ड बंद करणारा गोपनीय मोडही आहे, पण समोरच्याला स्क्रीनचा फोटो काढता येतोच, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

ट्रेलचं म्हणाल तर ऑफिसातला ट्रेल त्याच लोकांत फिरतो तोवर ठेवाच. नवा माणूस जोडताना मात्र थांबा.

लीड्सकर:
इथे ब्रिटनमध्ये याच चुकीची किंमत मोजलेली मी वाचली आहे. २०१५ मध्ये लंडनच्या ५६ डीन स्ट्रीट या क्लिनिकने एचआयव्हीसंबंधी वार्तापत्र पाठवताना पत्ते बीसीसीऐवजी 'टू'मध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसतील असे टाकले. ७८१ पत्ते, त्यातल्या ७३० मध्ये लोकांची पूर्ण नावं. १ लाख ८० हजार पौंड दंड झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये तर संरक्षण मंत्रालयानेच अफगाणिस्तानातून बाहेर पडू पाहणाऱ्या २४५ जणांना एकत्र 'टू'मध्ये घेऊन मेल धाडला. दोघांनी रिप्लाय ऑल केलं, त्यातल्या एकाने आपण कुठे आहोत हेही लिहिलं. तालिबानच्या हाती ती यादी पडली असती तर काय झालं असतं? डिसेंबर २०२३ मध्ये साडेतीन लाख पौंडांचा दंड लागला.

जुना सचिव:
ही फार मोठी उदाहरणं झाली. जिवावरचं प्रकरण आणि आमच्या मेंटेनन्सची थकबाकी एका तराजूत कशी घालणार? आमच्याकडे सगळे एकमेकांना २५ वर्षं ओळखतात.

गणिताच्या बाई:
सर, ओळखीतच जास्त लागतं. मी शाळेत शिकवते. सहलीची सूचना सातवीच्या सगळ्या पालकांना मीच 'टू'मध्ये पत्ते टाकून पाठवली. एका आईने "मुलगी येईल" एवढंच उत्तर दिलं, पण रिप्लाय ऑलने, आणि त्यांच्या मेलखाली सही म्हणून मोबाइल नंबर आणि ऑफिसचा पत्ता आपोआप येत होता. वडील वेगळे राहतात, त्यांचंही नाव यादीत. त्या दोन्ही गोष्टी त्या आईने त्यांच्यापासून मुद्दाम दूर ठेवल्या होत्या. संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "मॅडम, आता मला नोकरीची जागा बदलावी लागेल." चूक माझी होती, बटण त्यांनी दाबलं तरी.

कागदपत्रवाला:
कायद्याचं आणखी एक. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माणसाने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेला वापर त्यातून वगळला आहे. म्हणजे काकूने बहिणीला काय फॉरवर्ड केलं हा कायद्याचा प्रश्न नाही. पण कमिटी ८४ जणांचे पत्ते आणि थकबाकी घरगुती कामासाठी ठेवत नाही. माझ्या मते शाळेलाही तेच लागू.

हिंजवडी रोजचा:
गणिताच्या बाईंचं वाचून थोडा थांबलो. सहीचा विचार मी कधीच केला नव्हता. माझ्या सहीत माझाही नंबर आहे, आणि भाजीवाल्यापासून बँकेपर्यंत सगळ्यांना तोच जातो. तो आज काढतो. ट्रेलवर मात्र मी ठाम आहे. पुरावा म्हणून तो जसाच्या तसा असायला हवा. नवा माणूस जोडताना नवीन मेल लिहीन, जुना स्वतःजवळ ठेवीन. इतकं मान्य.

जुना सचिव:
माझं मत पूर्ण बदललेलं नाही. गुपचूप सवलत दिली की संशय वाढतो, हे मी भोगलं आहे. पण ठराव वेगळा आणि पत्र वेगळं, हा फरक मी ११ वर्षांत केला नाही, हेही खरं. कोणाकोणाची पत्रं मी अशी सीसी करून पाठवली असतील, आता आठवतही नाही. तुळसताई, तुमच्या कमिटीने पुढे काय केलं?

गॅलरीतली तुळस:
सेक्रेटरी त्यांच्या घरी गेले, माफी मागितली. सगळ्यांना दिलगिरीचा मेल पाठवायचा विचार होता. बाई म्हणाल्या, नको, ज्यांनी पहिला वाचला नाही तेही मग उघडून बघतील. म्हणून सेक्रेटरी आणि खजिनदार घरोघर जाऊन तो मेल डिलीट करायची विनंती करतायत. काल ए विंग झाली. उद्या बी विंगला मीही जाणार आहे, वयस्कर मंडळींना फोनवर कुठून काढायचा ते दाखवायला.

गणिताच्या बाई:
ताई, दारात सांगताना बाईंचं किंवा सदनिकेचं नाव घेऊ नका. फक्त तारीख सांगा. आणि ट्रॅशमधूनही काढायला सांगा, तिथे तो ३० दिवस पडून राहतो.

गॅलरीतली तुळस:
ट्रॅशचं लक्षातच नव्हतं. ए विंगला परत जावं लागेल.