दहा टायर गाडीच्या केबिनमध्ये दोघांना राहता येईल अशी सोय करायची आहे

तासगावकरीण

नमस्कार. आमची स्वतःची दहा टायर गाडी (ट्रक) आहे, कंपनीची स्लीपर केबिन, २०१८ चं मॉडेल. मिस्टर स्वतः चालवतात. तासगावात बेदाणा भरायचा, सोलापूर, लातूर, नांदेड करत नागपूर गाठायचं, तिथून रायपूर, संबलपूर धरून कलकत्ता. येताना मिळेल ते भाडं.

क्लीनर टिकत नाही. त्यात मिस्टरांना शुगर निघाली आणि आता इन्सुलिन सुरू झालंय. ढाब्यावरची तेलात पोहणारी भाजी आणि मैद्याची रोटी खाऊन शुगर कधी कुठं जाईल सांगता येत नाही. मुलगी शिकायला होस्टेलवर गेली, सासूबाई धाकट्या दिरांकडे आहेत, म्हणून मी ठरवलंय की आता आपणच गाडीवर जायचं. वेळेवर भाकरी, वेळेवर सुई.

मी अधूनमधून सोबत गेलेय, त्यामुळे काय काय नडतं ते माहीत आहे. मागं एकच बर्थ. एक जण झोपला की दुसऱ्यानं सीटवर अवघडून बसायचं. उन्हाळ्यात वर्ध्याच्या पुढं दुपारी गाडी उभी केली तर इंजिनच्या झाकणावर तळहात टेकवत नाही आणि ती सगळी धग आत. इन्सुलिनची कुपी ठेवायला सिगारेटच्या सॉकेटवर चालणारा छोटा कूलर घेतला, तो मे महिन्यात नुसता गुरगुरतो, आत कुपी कोमटच.

आता विचारायचं ते असं. दोघांना झोपता येईल अशी आतली रचना कशी करावी? इंजिन बंद ठेवून चालणारा पार्किंग एसी खरंच रात्रभर चालतो का, की सकाळी सेल्फ मारायला बॅटरीत काही उरत नाही? स्वयंपाक कुठं करायचा? आणि एक बॉडीवाला म्हणतोय, हौदा (मागचा माल भरायचा भाग) पुढून दोन फूट कापू आणि केबिन मागं तेवढी वाढवू, मस्त खोली होईल. करावं का? पैसे एकदम नाहीत, दिवाळीपर्यंत टप्प्याटप्प्यानं करता येईल.

बॉडीवाला, कुपवाड

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्यातच गाडी आणि पैसे दोन्ही अडकतील. केबिन वाढवू नका. कंपनीच्या केबिनची मागची भिंत कापली की सगळ्या सांगाड्याचा ताठपणा जातो. गाडी उलटली किंवा करकचून ब्रेक लागून हौद्यातला माल पुढं सरकला तर तुमच्या पाठीशी तीच भिंत असते. शिवाय तुमची केबिन टिल्ट होते, म्हणजे इंजिनच्या कामासाठी पुढं कलते. मागं दोन फूट जोडले की ती उचलताना हौद्याला अडणार, वजन वाढून टिल्टच्या पंपावर आणि बिजागरावर ताण येणार.

कागदाचंही सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर कंपनीची म्हणून जी माहिती आहे त्यात फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. उद्या अपघात झाला तर विमावाला आधी केबिनचा फोटो काढेल. ज्यांना मोठी केबिन हवी असते ते नवी गाडी काऊलवर, म्हणजे केबिन न बांधलेली, घेतात आणि मान्यता असलेल्या बॉडीवाल्याकडून बांधून घेतात, त्यासाठी आपल्याकडचे लोक पार नामक्कलपर्यंत जातात. तुमच्या गाडीला तो रस्ता नाही.

पण आतल्या आत पुष्कळ होतं. क्रम मात्र माझा ऐका. आधी धग थांबवा, मग वायरिंग, बर्थ आणि पडदे सगळ्यात शेवटी. लोक उलटं करतात, आधी लाल रेक्झिन आणि एलईडी.

धग दोन वाटांनी येते, टपावरून आणि इंजिनच्या झाकणातून. झाकणाच्या कडेला रबराची पट्टी असते. वहीचा कागद पट्टीवर ठेवून झाकण बंद करा आणि कागद ओढून बघा. अडकून राहिला तर रबर ठीक आहे. सुळकन बाहेर आला तर तिथून गरम हवा येतेय, आणि सायलेन्सरची पाईप कुठं गळत असेल तर धूरही. झाकणाच्या सगळ्या कडेनं असं तपासा. कागद सुटतो तिथं पट्टी बदला, हे काम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गरजेचं. मग झाकणाला खालून ॲल्युमिनियमचा थर असलेली हीट शील्ड, आणि टपाचं अस्तर उतरवून आतून नायट्रिल रबर फोमची शीट चिकटवायची. काचेचा लोकर नको, तो ओल धरतो आणि त्याचे कण अंगाला खाजतात. रेक्झिन, फोम, पडदे, जे काही आत जाईल ते आग लवकर न धरणारं घ्या. दुकानदाराला आयएस १५०६१ चं विचारा, गाडीच्या आतल्या सामानाचं मानक तेच आहे.

आता वीज. तुमची गाडी २४ व्होल्टची, १२-१२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. पार्किंग एसी साधारण ३० अँपिअर ओढतो असं धरा. आठ तास म्हणजे २४० अँपिअर-तास. कॉम्प्रेसर मधेमधे थांबतो म्हणून थोडं कमी होईल, तरी गाडीच्या मूळ बॅटऱ्या तेवढं देऊन सकाळी सेल्फ फिरवू शकत नाहीत. त्यासाठी वेगळी २४ व्होल्ट २०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी लागते, म्हणजे जवळपास पाच युनिट वीज. ती अल्टरनेटरवरून डीसी-डीसी चार्जर लावून चार्ज करायची, थेट जोडायची नाही. एसी आणि बॅटरी मिळून खर्च लाखावर जातो. म्हणून माझा सल्ला, या वर्षी धग थांबवा, २४ व्होल्टचे दोन पंखे आणि खिडक्यांना काढता-घालता येणारी मच्छरजाळी. पुढच्या वर्षी एसी. २०२५ पासून नव्या मोठ्या गाड्यांना एसी केबिनची सक्ती झालीय खरी, पण तो इंजिनवर चालणारा. उभ्या गाडीत झोपायला त्याचा उपयोग नाही.

मोबाईल, टेप, फ्रीज यांच्यासाठी इलेक्ट्रिशियन दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून देतो. त्याला तसं करू देऊ नका. एक बॅटरी सतत उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि दोन्ही वेळेआधी मरतात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, आणि पत्र्यातून वायर जाईल तिथं रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारं कडं. केबिनला आग लागते ती बहुतेक अशा घासलेल्या वायरीनं.

तुमचा तो कूलर बिघडलेला नाही. कॉम्प्रेसर नसलेले कूलर बाहेरच्यापेक्षा १५-२० अंशच खाली जातात. केबिन ४५ वर असेल तर आत २५-३०. १२/२४ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला छोटा फ्रीज घ्या. कॉम्प्रेसर चालू असताना साधारण ५० वॉट, म्हणजे २४ वर दोनच अँपिअर. न उघडलेल्या कुप्यांना २ ते ८ अंश लागतात, म्हणून ५ वर ठेवा. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं, तेव्हा कुपी थंड पत्र्याला चिकटून नको.

बर्थचं सोपं आहे. खालचा आहे तो राहू दे, गादी बदला. वर घडीचा दुसरा बसवायचा, केबिनला मुळात बोल्टच्या जागा असतील तिथंच, दोन्ही टोकांना पट्टे आणि पडू नये म्हणून जाळी. तुमच्या मॉडेलला कंपनीचा वरचा बर्थ मिळतो का ते आधी विचारा. गाडी चालू असताना वर कुणीही झोपायचं नाही. तुम्ही सीटवर, बेल्ट लावून.

कोयनाकाठ, कराड

वहिनी, मी आयुष्यभर गाडीवरच आहे. दादांनी वायरिंगचं सांगितलं, मी हवेचं सांगतो. थंडीत नागपूरच्या पुढं काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून झोपायची सवय लई जणांना आहे. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपेतून माणूस उठतच नाही. शेगडी केबिनमध्ये पेटवायची नाही, चहापुरतीसुद्धा नाही. पाऊस असला तरी नाही.

मुक्काम शक्यतो मोठ्या पेट्रोल पंपावर, उजेडात करा. बाईमाणूस सोबत असेल तर संडास-बाथरूम बघूनच गाडी लावायची, टोलनाक्यांवरही सोय असते. आमच्या मंडळी यायच्या तेव्हा मी रात्रीचा मुक्काम दुपारीच ठरवून ठेवायचो. आणि खिडक्यांना काळी फिल्म लावू नका, २०१२ पासून बंदी आहे. गाडी उभी असताना जाड पडदे ओढायचे, सुटताना बांधून टाकायचे.

ओम्या, इस्लामपूर

अमेरिकेतल्या ट्रकना मागं आख्खी खोली असते, बेड, ओटा, शॉवर. आपल्याकडं तसं का नाही करत कोण?

बॉडीवाला, कुपवाड

ओम, तिकडं १९८२ च्या कायद्यानं मोठ्या महामार्गांवर लांबीची मर्यादा ट्रेलरला लागते, पुढच्या ट्रॅक्टरसकट (ट्रेलर ओढणारी इंजिन-केबिनची गाडी) एकूण लांबीला नाही. म्हणून ट्रॅक्टरला लांब नाक आणि मागं खोली परवडते. तिकडं ११ तास चालवल्यावर सलग १० तास विश्रांती घ्यावीच लागते, मग माणूस त्या खोलीत खरंच राहतो. आपल्याकडं ट्रेलर नसलेली गाडी १२ मीटरच्या आत बसवायची, त्यामुळे केबिनला दिलेला प्रत्येक फूट हौद्यातून जातो. वजनाचंही तसंच. दहा टायरला मालासकट एकूण साडेअठ्ठावीस टन. खोलीचं वजन वाढलं की तेवढा बेदाणा कमी. दिवसाला आठच तास कामाचा नियम आपल्याकडंही १९६१ च्या कायद्यात आहे. तो पाळला जात नाही आणि ड्रायव्हरच्या झोपेचा विचार कुणी करत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अजिंक्यतारा, सातारा

ताई, एक गोष्ट कुणी बोललं नाही. आरसीवर केबिनमधली आसनक्षमता किती आहे ते बघा. मालगाडीत सहज सोबत बसलेल्या माणसाला थर्ड पार्टी विम्याचं संरक्षण मिळत नाही. त्यामुळे निघण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा आणि स्वतःच्या नावानं वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा. हप्ता फार नसतो. आमच्या गाड्यांवर कुणाच्या घरचं माणूस जाणार असेल तर मी हे आधी करून घेतो.

तासगावकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. केबिन वाढवायचा विषय आजच मिस्टरांशी बोलून बंद केला. रबराचं काम आणि फ्रीज पहिल्या टप्प्यात, बर्थ आणि पंखे गणपतीनंतर. आरसी काढून बघितली, पॉलिसीचं सोमवारी विचारते.

स्वयंपाकाचं तेवढं राहिलं. केबिनमध्ये नाही हे पटलं. पण रस्त्याच्या कडेला जमिनीवर स्टोव्ह मांडून, वाऱ्यात, उकिडवं बसून रोज दोन वेळा भाकरी थापणं गुडघ्यांना जमणार नाही.

बॉडीवाला, कुपवाड

क्लीनर साईडला चेसिसला पेटी करून घ्या, म्हणजे तुम्ही वाहत्या रस्त्यात नाही, कडेला सुरक्षित उभ्या राहाल. डिझेल टाकी आणि सायलेन्सर ज्या बाजूला असतील तिथून लांब. पेटीचं दार खाली उघडणारं, दोन साखळ्यांवर आडवं थांबलं की तोच ओटा. उंची तुमच्या कमरेच्या मापानं घ्यायची, म्हणून माप द्यायला तुम्ही स्वतः या, मिस्टरांना पाठवू नका. दोन्ही कडांना वारा अडवायला पत्र्याचे पंख.

पाच किलोचा सिलिंडर उभाच ठेवायचा, पट्ट्यानं बांधून, वेगळ्या कप्प्यात. त्या कप्प्याच्या तळाला भोकं हवीतच. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो, तो रस्त्यावर निघून गेला पाहिजे. गाडी सुटण्याआधी रेग्युलेटर काढून टोपी लावायची. शेजारी चाळीस लिटरची पाण्याची टाकी आणि नळ.

आणि कोणीही करत असेल तरी चेसिसला वेल्डिंग करू देऊ नका, नवीन भोकही नको. चेसिसला कंपनीची भोकं असतात त्यातच ब्रॅकेट बोल्टनं बसतं. येताना गाडी रिकामी आणा. भरलेल्या गाडीचे पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगा) दबलेले असतात, तेव्हा घेतलेलं ओट्याचं माप रिकाम्या गाडीला उंच पडतं. दोन्ही वेळची उंची बघून मधली ठरवू.